नवं उपनगर: नऊ महिने राहून पाहिल्यावर

पहिल्या महिन्यात हे लिहायला बसले असते तर पाचापैकी दोन तारे दिले असते, आणि त्यातला एक नुसता हवेसाठी. आज साडेतीन देते. मधल्या काळात उपनगर फारसं बदललेलं नाही. तीन दिवे नवे लागले, बाकी सगळं होतं तसंच आहे. वापरायची पद्धत माझीच चुकत होती, हे कळायला चार महिने गेले.

घर बघताना आम्ही सगळं तपासलं होतं. बाल्कनीतलं ऊन, गाडी लावायची जागा, नळाचा दाब, फोनची रेंज. मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली लेक अशी चार माणसं, पण संध्याकाळी सात वाजता इथली माणसं काय करतात हे चौघांपैकी एकानेही विचारलं नाही. तिन्ही वेळा आम्ही रविवारी सकाळी अकराला गेलो होतो, आणि त्या वेळी कुठलीही जागा गोड दिसते. तुम्ही घर बदलणार असाल तर एखाद्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला तिथे जा आणि अर्धा तास नुसतं चाला. पायी किती माणसं दिसतात, ती कुठून कुठे चालली आहेत, मुलं कुठे खेळताहेत, दिव्यांचे खांब कुठे संपतात, हे बघा. घर दाखवणारा माणूस यातलं काही सांगत नाही. त्याला ते बहुधा माहीतही नसतं.

पहिले दोन महिने मी 'माझ्या जवळचे कार्यक्रम' शोधण्यात घालवले. रोज रात्री फोनवर हेच. फोनच्या मते जवळचं म्हणजे अठरा किलोमीटर. नाटक, प्रदर्शन, कार्यशाळा, व्याख्यान, सगळं शहराच्या मध्यात, जिथून आम्ही नुकतेच उठून आलो होतो तिथेच. मग दर शनिवारी जुन्या भागात जायचं, जुन्या मैत्रिणींना भेटायचं आणि रात्री दमून परतायचं. मजा येत होती, नाही असं नाही. पण दोन महिन्यांनी लक्षात आलं की इथे आपण फक्त झोपायला येतो. जुन्या ठिकाणी पाहुणे आणि नव्या ठिकाणी भाडेकरू, अशी गत. स्वतःच्या घरात भाडेकरू.

याच काळात एका व्यायामशाळेत वर्षाचे पैसे एकदम भरून टाकले. अकरा वेळा गेले. तिसऱ्या महिन्यात तिथला प्रशिक्षक सोडून गेला आणि त्याच्या जागी एक पडदा आला, ज्यावर कोणीतरी व्यायाम करून दाखवतं. पैसे परत मिळत नाहीत हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. नव्या जागी पहिले तीन महिने कुठल्याही गोष्टीचे वर्षाचे पैसे भरू नका. तुमचा दिवस इथे कसा बसणार आहे, हे तुम्हालाच अजून ठाऊक नसतं.

इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल दोन शब्द. तिथे गाडी कोणी आडवी लावली, लिफ्ट कधी चालू होणार आणि सापडलेली किल्ली कोणाची, याच्या पलीकडे काही चालत नाही असं वाटायचं. मी उत्साहाने विचारलं होतं, "इथे आसपास करण्यासारखं काय आहे?" तीन अंगठे आले आणि एक हसणारा चेहरा. चौथ्या महिन्यात वेगळं विचारलं: "शनिवारी सकाळी सातला बॅडमिंटनला दोघं हवे आहेत, रॅकेट माझ्याकडे आहे." दहा मिनिटांत दोघं मिळाले, आणि त्यातली एक माझ्याच मजल्यावरची निघाली. पहिल्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे कोणालाच कळत नाही. दुसऱ्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

आता ज्या गोष्टीने मला खरं घराबाहेर काढलं तिच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती कोणी सुचवत नाही. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला, लोकांनी मिळून बनवलेला, कोणीही भर घालावी असा. त्यासाठी अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट हे मोफत ॲप मिळतं. नकाशात जिथे माहिती कमी आहे तिथे ते खूण दाखवतं. तुम्ही तिथवर चालत जायचं, बघायचं आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं. प्रश्न इतके साधे असतात की हसू येतं. या बाकाला पाठ आहे का? हा रस्ता डांबरी की मातीचा? या वाटेवर दिवे आहेत का? हे दुकान किती ते किती उघडं असतं? एक खातं उघडावं लागतं, आणि मग तुमचं उत्तर थेट सगळ्यांच्या नकाशात जातं.

पहिल्या दिवशी मी एका बाकाला पाठ आहे का हे बघायला बाहेर पडले आणि दीड तासाने परतले. नवऱ्याने विचारलं, "मग, आहे का पाठ?" होती. पण त्या बाकापाशी पोचायला शाळेच्या मागची एक वाट सापडली, ती थेट तळ्यावर निघते. आम्ही तोवर तळ्यावर गाडीने, मोठा वळसा घालून जात होतो! पुढच्या पाच-सहा आठवड्यांत अशाच कामांच्या निमित्ताने वाचनालय सापडलं. एक सुतार सापडला, तो रविवारी दोन तास हौशी लोकांना रंधा धरायला शिकवतो. एक जुनी विहीर सापडली. आणि एक गृहस्थ सापडले, ज्यांना मी त्यांच्या फाटकासमोर उभी राहून फोनमध्ये काय लिहिते आहे याचा संशय आला होता. समजावून सांगितल्यावर त्यांनीच तीन गल्ल्यांची नावं दुरुस्त करून दिली. फिरायला जा, असं स्वतःला सांगून मी कधीच गेले नसते. काम असलं की पाय निघतात.

एक सावधगिरीचा सल्ला: लोकांच्या खिडक्यांकडे फोन रोखून उभं राहू नका, आणि कोणी विचारलं तर सरळ सांगा. या ॲपची बॅटरीची भूकही मोठी आहे.

पक्ष्यांचं ॲपही वापरलं. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन, ज्यात २०२१पासून आवाजावरून पक्षी ओळखायची सोय आहे. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा संच एकदा फोनमध्ये उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतं. मजेशीर आहे, पण मी फोनने दाखवलेलं नाव पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत पक्कं धरत नाही. त्यापेक्षा मला जास्त उपयोगी पडलं ते त्यांचंच ईबर्ड, लोकांच्या पक्षीनोंदींचं संकेतस्थळ, २००२ पासून चालू असलेलं. त्यावर लोक नियमित पक्षी बघायला जातात अशा जागा नकाशात दिसतात. म्हणजे पक्ष्यांमध्ये काडीचाही रस नसला तरी आसपासची पाणथळ, झाडी आणि चालण्याजोगी जागा कुठे आहे हे घर घेण्याआधीच कळू शकतं. मला हे घर घेतल्यावर सहा महिन्यांनी कळलं.

वाचनालय चांगलं आहे. पंखा आवाज करतो.

आता सासूबाई. त्या इथे यायला सगळ्यात जास्त कुरकुरत होत्या आणि सगळ्यात आधी त्याच रुळल्या. नऊ दिवसांत! मी फोनमध्ये कार्यक्रम शोधत होते तेव्हा त्या रोज पाच वाजता खाली जाऊन जिना आणि लिफ्ट यांच्या मधल्या बाकावर बसायच्या. बास, एवढंच. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या समोरून जाणार. तिसऱ्या दिवशी लोक हसायला लागले, पाचव्या दिवशी थांबायला लागले, नवव्या दिवशी मला कोणीतरी "तुम्ही त्यांच्या सूनबाई का?" असं विचारलं. मी म्हटलं, "आई, बागेत बाक किती छान आहेत, तिथे बसा ना." त्या म्हणाल्या, "अगं, बागेत जो तो आपापला फिरत असतो. इथे सगळ्यांना वाट बघावी लागते."

त्यांना माहीत नाही, पण हे शास्त्रात बसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी उभारलेल्या वेस्टगेट वसाहतीत लिऑन फेस्टिंजर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी कोणाची कोणाशी मैत्री जमते याचा अभ्यास केला. तो १९५० साली प्रसिद्ध झाला. अगदी शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचं म्हटलं, मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या, कारण वरचे लोक येता-जाता त्यांच्या दारावरूनच जायचे. आमचं घर मजल्याच्या टोकाला आहे. घेताना 'कोपऱ्याचं, शांत' म्हणून जास्त आवडलं होतं. सासूबाईंनी बाकावर बसून तो कोपरा भरून काढला, मला काही तो भरता आला नाही.

दुसरी एक गोष्ट वाचली आणि मी चक्क वही घातली. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला किती तास लागतात हे मांडलं. त्यांनी विचारलेल्यांपैकी ३५५ प्रौढ नुकतंच गाव बदललेले होते, म्हणजे माझ्याच अवस्थेतले. त्यांच्या हिशोबाने तोंडओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, खरी मैत्री व्हायला ९० आणि जवळची व्हायला २००हून जास्त. कामाच्या ठिकाणी शेजारी बसलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत. मोकळा वेळ बरोबर घालवावा लागतो.

आकडे वाचून आधी घाम फुटला, मग बरं वाटलं. पहिल्या तीन महिन्यांत मला कोणी मैत्रीण मिळाली नाही यात माझं काही वाकडं नव्हतं, तास झालेच नव्हते. एकेका कार्यक्रमाला एकेकदा जाऊन, दर वेळी नव्या माणसांशी दोन-दोन तास बोलून, कोणाचेच पन्नास होत नाहीत. बॅडमिंटन आठवड्यातून दोनदा, गप्पा धरून सव्वा तास. म्हणजे आठवड्याला अडीच, म्हणजे पन्नासला वीस आठवडे. मधे पाऊस, माझं दुखावलेलं मनगट आणि लेकीची परीक्षा आली. वहीत आज त्या मजल्यावरच्या मैत्रिणीच्या नावापुढे ४८ तास आहेत. (तिला वहीबद्दल सांगितलेलं नाही.) मागच्या आठवड्यात ती माझ्याकडे किल्ली ठेवून गावाला गेली, तेव्हा हॉल साहेबांच्या दोन तास आधीच काम झालं असं म्हणायला हरकत नाही.

सुताराकडे मी सहा रविवार गेले. स्टूल झालं, डुगडुगतं. तिथे बोलणं फारसं होत नाही, पण हात कामात असताना न बोलणं जड जात नाही. माझ्यासारख्या, अनोळखी माणसांत काय बोलावं हे न सुचणाऱ्यांना मी गप्पांच्या कुठल्याही मंडळाआधी हे सुचवेन.

तक्रारी आहेत. रात्री साडेनऊनंतर परतायला वाहन मिळत नाही, त्यामुळे शहरातलं नाटक शेवटचा अंक सोडून बघायचं किंवा गाडी न्यायची. पदपथ मधेच संपतो, म्हणजे अक्षरशः एका झाडापाशी येऊन संपतो आणि पलीकडे चाळीस पावलांवर पुन्हा सुरू होतो. दुपारी दोन ते पाच इथे इतकी शांतता असते की घरून काम करताना मी मुद्दाम रेडिओ लावते. नवऱ्याचा जाण्या-येण्याचा वेळ रोज पन्नास मिनिटांनी वाढला. त्याच्याकडून या ठिकाणाला तारे मागितले तर तो म्हणतो, रविवारी विचार.

सगळ्यात मोठी तक्रार लेकीची, आणि ती रास्त आहे. मोठ्यांना उपनगरात मोकळं वाटतं. लहानग्यांना बाग पुरते. पण चौदा वर्षांच्या मुलीचं काय? तिला बागेत घसरगुंडी नको आहे, आणि बाकी कुठेही जायचं तर आमच्यापैकी कोणीतरी गाडी काढायला हवी. जुन्या घरी ती शिकवणीला, मैत्रिणीकडे, दुकानात आपली आपण जायची. इथे आल्यावर ती अचानक पुन्हा दहा वर्षांची झाली. पहिले तीन महिने घरात जे वाद झाले त्यांचं मूळ याच्यात होतं, आणि आम्ही ते 'वयच असं आहे' म्हणून वयावर ढकलत होतो. मुलं या वयाची असतील तर घर बघायला जाताना त्यांना बरोबर न्या, आणि त्यांना एकटीने कुठवर जाता येईल ते त्यांच्याच पायांनी मोजू द्या. आम्ही शेवटी तिला सायकल घेतली, खरं तर पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी होती. शाळेच्या मागच्या वाटेने ती तळ्यावर आठ मिनिटांत पोचते. तिथे तिच्या वर्गातल्या दोघी भेटतात. तिघी मिळून नक्की काय करतात ते मला माहीत नाही. ते विचारायचं नाही असं ठरलं आहे.

फक्त त्या वाटेवर अंधार होता, म्हणून साडेसहाला परत यायची अट होती. नकाशाचं ॲप वापरायला लागले त्या पहिल्या महिन्यात त्याने त्या वाटेबद्दल विचारलं होतं, दिवे आहेत का? मी 'नाही' लिहिलं होतं. मग आम्ही बॅडमिंटनवाल्यांनी आणि सासूबाईंच्या बाकावरच्या मंडळींनी सह्या करून अर्ज दिला, दोनदा आठवण केली आणि गेल्या पंधरवड्यात सातातले तीन खांब लागले. मी नकाशात ते 'हो' करून टाकलं. लेकीची वेळ साडेसातवर गेली. तिने दिलेले दोन तारे आता अडीच झालेत. उरलेले चार खांब लागले की बघू, म्हणते.