आठ पानांचा पांडुरंग आणि दोन ओळींची खानावळवाली

भाच्याने ओढून नेलं म्हणून मी लार्पला गेलो. लार्प म्हणजे लाइव्ह-अ‍ॅक्शन रोलप्ले. प्रेक्षक नाहीत, पाठ केलेले संवाद नाहीत. आलेला प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि तीन-चार तास ते पात्र होऊनच वावरतो. दादरला एका हॉलमध्ये हौशी मंडळींचा गट हे खेळ करतो. माणशी आठशे रुपये, चहा-वडा त्यातच. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा प्रसंग एकच: १८ जानेवारी १९८२, लालबागची चाळ, गिरणी संपाचा पहिला दिवस. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यामुळे विषय ऐकल्यावर नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

पहिल्या खेळाआधी तीन दिवस आठ पानी मजकूर आला. मी पांडुरंग. गाव, बापाचं कर्ज, धाकट्या भावाचं लग्न, संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्याबद्दल माझं मत, सगळं त्यात. लिहिणाऱ्याला गिरणगाव ठाऊक आहे. एका खोलीत पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारी माणसं त्याने नेमकी पकडली होती. भांडुप ते दादर लोकलमध्ये मी ती पानं घोकली. आणि खेळ सुरू होताच पांडुरंगाच्या बायकोची भूमिका करणाऱ्या बाईंनी विचारलं, "रात्रपाळीवरून आलात, डबा कुठे विसरलात?" मी गप्प. डोक्यात पानं उलटत होतो. आठही पानांत मागचंच भरलेलं, आज सकाळी पांडुरंगाला काय हवंय ते कुठेच नाही. त्यातून माझ्या कागदावर लिहिलेलं की मंगळसूत्र गहाण आहे हे भावाला माहीत आहे, आणि भावाच्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. दहा मिनिटं आम्ही कोपऱ्यात कुजबुजत तेच निस्तरत बसलो. वीस माणसांची आठ-आठ पानं लिहायची तर ती एकमेकांशी ताडून बघायलाच हवीत.

मग एक मुलगी उशिरा आली. तिने काहीच वाचलेलं नव्हतं. दारातच तिला दोन वाक्यं सांगितली: तू खानावळ चालवतेस, इथल्या सहा जणांकडे तुझी दोन महिन्यांची उधारी आहे. तिने ओढणी कमरेला खोचली आणि थेट माझ्यासमोर आली. "पांडूभाऊ, संप करा खुशाल. पण उद्या चूल कशावर पेटवू?" मी खिशात हात घातला, बसची चार तिकिटं निघाली, तीच नोटा म्हणून तिच्या हातावर ठेवली. तिने मोजली. एक परत माझ्या मुठीत कोंबलं. "पोराच्या दुधाला ठेवा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशा बायका आमच्या चाळीत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्यांना घेऊन. त्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. पण तिच्या दोन वाक्यांनी तिला सहा माणसांशी बांधून टाकलं होतं, आणि माझ्या आठ पानांनी मला कुणाशीच बांधलं नव्हतं.

आयोजकांनी यातून भलताच धडा घेतला. दुसऱ्या वेळी कागदच नाही, सुचेल ते करा. अर्ध्या तासात एक जण मालकाचा लपवलेला मुलगा निघाला, दुसऱ्याने पिस्तूल काढलं. चाळ कुठल्या कुठे गेली, संपाचं नावही उरलं नाही.

उत्स्फूर्त म्हणजे पाटी कोरी, असं नसतं. आमच्या कुडाळकडे जत्रेत दशावतार होतो. लिखित संहिता नसते. आख्यान आयत्या वेळी ठरतं आणि नट रात्रभर मनाने बोलतात. तरी कोणी भरकटत नाही, कारण कोण कुणाचा कोण, कुणाचं वैर कशावरून, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. पंचविशीतल्या मुलांच्या अंगात १९८२ची चाळ कुठून असणार? ती थोडी तरी हातात द्यायलाच हवी.

म्हणून आयोजकांना मी सांगून आलो: अर्धं पान द्या. कुणाचं देणं आहे, कुणाला नाही म्हणता येत नाही, आज संध्याकाळपर्यंत काय मिळवायचंय, एवढंच. आणि खेळाआधी अर्धा तास, नात्यातल्या माणसांना समोरासमोर बसवा. १९९७ पासून क्नुटपुंक्ट नावाचं लार्पचं संमेलन भरवणाऱ्या उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांतल्या खेळाडूंमध्ये अशी आधीची कार्यशाळा सर्रास होते.

बाकी मांडणी उत्तम. स्टोव्ह, पत्र्याची ट्रंक, अ‍ॅल्युमिनियमचे डबे, सगळं खरं. पंख्यांचा आवाज मात्र फार. मागच्या कोपऱ्यातलं बोलणं ऐकू येत नाही. आठशे रुपये मला जड वाटले नाहीत. गिरणगावाशी नातं असेल तर जरूर जा, घरातल्या मोठ्यांनाही न्या.

पुढच्या खेळासाठी नाव दिलंय. दशावतारात बाईचं काम पुरुषच करतात, तेव्हा या वेळी खानावळवाली मला द्या, असं सांगितलंय. त्यांनी हो म्हटलंय.