रात्रीची जळजळ, पलंगाखालचे ठोकळे आणि धने-जिऱ्याचे पाणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्री आडवे होताच घशाशी आंबट येणे, पहाटे खोकल्याने जाग येणे आणि सकाळभर करपट ढेकरा, असा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून अ‍ॅसिड रिफ्लक्सचे, म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचे, निदान केले होते आणि पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीने आरामही पडत होता. परंतु गोळी थांबली की त्रास पुन्हा डोके वर काढी, म्हणून त्यांच्याच सल्ल्याने दिनक्रम बदलून आणि घरचे उपाय करून पाहिले. पावसाळ्यात सुरुवात केली, आता उन्हाळा आला आहे.

सर्वांत जास्त गुण आला तो पलंगाची उशाकडची बाजू उंच केल्याने. अन्ननलिका जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायू सैल पडला की आम्ल वर येते, आणि माणूस सपाट झोपलेला असला की ते पुन्हा खाली उतरायलाही वेळ लागतो. सुताराकडून ६ इंच उंचीचे दोन लाकडी ठोकळे करून घेतले आणि पलंगाचा पाय नीट बसावा म्हणून त्यांना वरून खोलगट खाच पाडून घेतली. सुरुवातीला पांघरूण आणि माणूस दोघेही पायथ्याकडे घसरत, त्यावर घरातून ‘हा दवाखाना आहे की झोपायची खोली’ अशी विचारणाही झाली. गादीवर जाड खादीची चादर घट्ट खोचल्यावर घसरणे पुष्कळ कमी झाले. उशांवर उशा रचणे हा याला पर्याय नव्हे, कारण त्याने अंग कमरेत दुमडते आणि पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपण्याचाही फायदा झाला, कारण त्या स्थितीत जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतो.

जेवण आणि झोप यांत ३ तासांचे अंतर ठेवा, असे सगळेच सांगतात. लोकलने रात्री साडेआठला घरी पोहोचणाऱ्याने ते कसे ठेवावे, हे मात्र कोणी सांगत नाही. मी पोळी-भाजीचा दुसरा डबा नेऊन संध्याकाळी कार्यालयातच खाऊ लागलो आणि घरी आल्यावर वाटीभर मऊ भात व मुगाचे वरण एवढ्यावर भागवू लागलो. अडचण येते ती संकष्टीला. दिवसभर रिकामे पोट, मध्ये चहा आणि साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदय होईपर्यंत नऊ-साडेनऊ, त्यावर तळणीच्या मोदकांसह भरपेट पान आणि लगेच अंथरूण: जळजळीला याहून सोयीचा मुहूर्त शोधून सापडणार नाही. उपवास सोडलेला नाही, पण आता चंद्रदर्शनानंतर नैवेद्याचा एक मोदक आणि थोडा वरणभात घेतो आणि नंतर शतपावली करतो.

स्वयंपाकघरातल्या उपायांबद्दल माझे मत संमिश्र आहे. धने-जिरे रात्री भिजवून सकाळी गाळून घेतलेले पाणी सौम्य लागते, आणि त्यामुळे उपाशीपोटीचा कडक चहा सुटला, हाच कदाचित त्याचा खरा गुण असावा. जेवणानंतर बडीशेप सावकाश चघळली की लाळ सुटते, लाळ आम्ल सौम्य करते आणि तेवढ्यापुरते बरे वाटते. थंड दुधाने घसा लगेच निवतो, पण तासाभरात जळजळ परतते. खाण्याचा सोडा आम्ल मारतो हे खरे, पण त्यात सोडियम भरपूर असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी त्याची सवय लावून घेऊ नये. ज्येष्ठमधही रोज आणि जास्त घेतल्यास रक्तदाब वाढवतो. पुदिना मला साफ बाधला, आणि त्याने तो झडपेचा स्नायू आणखी सैल पडू शकतो हे कळल्यावर नवल वाटले नाही. सोलकढी पित्तशामक म्हणून घरोघरी वाढली जाते. मला मात्र रात्री घेतली की हमखास आंबट ढेकर येतो.

गोळी मनाने एकदम बंद करू नये, कारण दीर्घकाळ घेतलेली अशी गोळी अचानक सोडल्यास काही दिवस आम्ल उलट जोरात उसळू शकते. माझी मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवली आणि आता ती क्वचितच लागते. घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, काळी शौच किंवा उलटीत रक्त यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपाय बाजूला ठेवून तपासणी करावी. छातीत दाब येऊन घाम फुटला किंवा कळ हातात वा जबड्यात गेली, तर ‘पित्त असेल’ म्हणत सोडा पाजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

ठोकळ्यांची एक मर्यादा सांगायला हवी: खाली सामान ठेवण्याच्या पेटीचा पलंग असेल तर त्याला पायच नसतात. अशांनी कमरेपासून डोक्यापर्यंत चढत जाणारी फोमची तिरकी गादी घ्यावी. गावी गेल्यावर मी तीच वापरतो. उन्हाळ्यात तिच्यावर पाठ फार घामेजते, तेव्हा वर सुती अभ्रा हवाच.