नोकरी सांभाळून एमबीए : दूरशिक्षणाच्या पर्यायाचे परीक्षण

गोव्यात राहून एमबीए करू पाहणाऱ्यांसमोर ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ आहे, १९९३ मध्ये स्थापन होऊन पुढे रायबंदरहून साखळी परिसरात गेलेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे आणि नोकरी सोडणे परवडत नसेल तर इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, दूरशिक्षण अभ्यासक्रम आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले असल्याने कागदोपत्री तुलनेचा प्रश्न उरत नाही; फरक आहे तो शिकण्याच्या पद्धतीत.

इग्नूचे पाठ्यसाहित्य स्वयंअध्ययनासाठीच लिहिलेले असून ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य वाचता येते. भाषा काहीशी रुक्ष असली तरी मांडणी नेटकी आहे. खरी गंमत स्वाध्यायांत आहे. आपल्या परिचयाच्या संस्थेचे उदाहरण घेऊन उत्तर लिहा, असा प्रश्न आला की हॉटेलच्या भांडारगृहात काम करणारा विद्यार्थी मासळीची रोजची आवक, शीतगृहाची क्षमता आणि वाया जाणारा माल यांचा हिशेब स्वतःच्या नोंदवहीतून मांडू शकतो. थेट पदवीवरून वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला हेच प्रकरण छापील केस स्टडीत वाचावे लागते. मात्र त्या केसवर वर्गात जी खडाजंगी होते, आपला तर्क चारचौघांत जसा तपासला जातो, त्याची भरपाई दूरशिक्षणात होत नाही. इग्नूच्या समुपदेशन वर्गांनीही, म्हणजे शंकानिरसनाच्या तासांनीही, नाही. कॅम्पस मुलाखतींचे तर बोलायलाच नको. त्यामुळे अनुभव नसलेल्या नवपदवीधराने केवळ शुल्क कमी म्हणून हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजेच चार क्रेडिटच्या एका विषयाला १२० तास, आणि तेही वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून घरी आल्यावर. स्वाध्यायांना ३० टक्के व सत्रांत परीक्षेला ७० टक्के भारांक असल्यामुळे शेवटच्या आठवड्यातील घोकंपट्टी फारशी कामाला येत नाही. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, आणि डिसेंबरात किनाऱ्यावरच्या हॉटेलांत रजा मागण्याची सोय नसते. पर्यटन व्यवसायातील विद्यार्थ्यांनी म्हणूनच अवघड विषय जूनसाठी राखावेत. पाऊस सुरू झालेला असतो, खोल्या रिकाम्या असतात आणि व्यवस्थापकही रजेच्या अर्जावर मुकाट्याने सही करतो.