सोरायसिसवर प्रयोग करायचाय, पण उंदराचं कोणतं मॉडेल घ्यायचं?

एम.फार्म.च्या सिनॉप्सिसमध्ये वनौषधीचं जेल आणि सोरायसिस एकत्र आले की पुढचं वाक्य ठरलेलंच असतं: इमिक्विमॉड लावून उंदरांमध्ये सोरायसिस निर्माण केला जाईल. गाइड मान डोलावतात, इथिक्स कमिटीकडे परवानगीचा अर्ज, फॉर्म बी, जातो आणि काम सुरू होतं. जेल नेमकं कशावर काम करणार आहे, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. उंदराला आपल्यासारखा सोरायसिस आपणहून होत नाही. त्यामुळे प्रत्येक मॉडेल रोगाचा एखादाच भाग दाखवतं, आणि निवड त्या भागावरून करायची असते.

इमिक्विमॉड हे मुळात चामखिळींचं औषध. अमेरिकेत ते १९९७ साली आलं. ते लावल्यावर काही रुग्णांचा सोरायसिस उफाळून आल्याचं डॉक्टरांना दिसलं. २००९ मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी बाल्ब-सी जातीच्या उंदरांच्या पाठीवर आणि कानावर रोज ६२.५ मिलिग्रॅम अल्डारा, म्हणजे इमिक्विमॉडचं बाजारातलं क्रीम, लावलं. पाच-सहा दिवसांत लाली, खवले आणि जाडी, तिन्ही हजर! प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण १२. हा दाह आयएल-२३ आणि आयएल-१७ (रोगप्रतिकारक पेशींची निरोप्या प्रथिनं, इंटरल्युकिन) यांच्या मार्गाने जातो, हेही त्यांनी दाखवलं. माणसातही हाच मार्ग महत्त्वाचा, म्हणून हे मॉडेल जगभर पसरलं. आठवड्याभरात निकाल, खर्च बेताचा, खास जातीचे उंदीर नकोत.

आता खाचखळगे. २०१३ मध्ये असं दिसलं की अल्डाराच्या बेसमधलं (औषध ज्यात मिसळतात त्या मलमातलं) आयसोस्टिअरिक अ‍ॅसिडसुद्धा स्वतःहून दाह घडवतं. म्हणजे वेगळ्या बेसचं दुसऱ्या कंपनीचं क्रीम घेतलं, तर तेवढाच आणि तसाच दाह होईल असं गृहीत धरता येत नाही. उंदीर क्रीम चाटतात, ते पोटात जातं, वजन उतरतं, प्लीहा सुजते. अशा उंदराला तुम्ही तोंडावाटे अर्क देत असाल, तर तो त्वचेवर चालला की एकूण आजारपणावर, हे सांगणं अवघड. उंदराची जातही फरक पाडते: २०१७ च्या एका तुलनेत ब्लॅक-६ उंदरांची जनुकीय प्रतिक्रिया मानवी सोरायसिसच्या अधिक जवळची निघाली, बाल्ब-सीची नव्हे. शिवाय उंदरात आयएल-१७ मुख्यतः गॅमा-डेल्टा नावाच्या प्रकारच्या टी पेशींकडून (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींकडून) येतं. माणसाच्या चट्ट्यात मोठा वाटा अल्फा-बीटा टी पेशींचा असतो. आणि हे सगळं आठवड्याभराचं प्रकरण. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणारा चट्टा इथे भेटत नाही.

आयएल-२३ थेट कानाच्या त्वचेत टोचायचं मॉडेल जास्त नेमकं. दिवसाआड इंजेक्शन, कॅलिपरने कानाची जाडी. क्रीमचा बेस, चाटणं, असले घोळ नाहीत. पण कानाच्या कातडीत सुई सरकवायला सराव लागतो आणि ते प्रथिन महाग. निधी मिळालेला प्रकल्प असेल तर जरूर घ्या. कॉलेजच्या खर्चात बसवायला जाल तर प्रत्येक गटात उंदीर कमी पडतील.

या गर्दीत शेपटीची चाचणी मागे पडते, आणि मला वाटतं तिच्यावर अन्याय होतो. उंदराच्या शेपटीवरच्या खवल्यांत ग्रॅन्युलर थर (बाह्यत्वचेतला कणीदार पेशींचा थर) नसतो, पेशी अर्धवट पक्व होऊन वर येतात. सोरायसिसच्या चट्ट्यातही असंच दिसतं. दोन आठवडे जेल लावायचं आणि स्लाइडवर ग्रॅन्युलर थर किती परतला ते मोजायचं. इथे रोग घडवावा लागत नाही, त्यामुळे जनावराला त्रासही कमी. दाहाबद्दल मात्र ही चाचणी अवाक्षर काढत नाही.

मानवी त्वचेचं कलम ही या यादीतली खरी श्रीमंती. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरावर रुग्णाची निरोगी दिसणारी त्वचा लावतात. १९९६ मध्ये रोगप्रतिकारक पेशी टोचून तिच्यात सोरायसिस उतरवला गेला. उस्टेकिनुमॅबसारखी सोरायसिसवरची अँटिबॉडी उंदराच्या प्रथिनाला चिकटतच नाही, तिथे असंच काही हवं. त्वचा देणारे दाते, शस्त्रक्रिया आणि निर्जंतुक अ‍ॅनिमल हाऊस नसेल तर हा विषय सोडा.

माझं मत विचाराल तर, अर्कात दाह कमी करणारे घटक असतील तर इमिक्विमॉड घ्या, केराटिनच्या थरावर काम अपेक्षित असेल तर शेपटी. दोन्ही शक्यता असतील तर दोन्ही करा, एकत्र खर्चही आयएल-२३ च्या खाली राहतो. त्याआधी हाकॅट पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या पेशींवर) तपासून घ्या, तिथेच नापास झालेला अर्क उंदरांपर्यंत न्यायचं कारण नाही. प्रबंधाच्या शीर्षकात ‘सोरायसिससदृश दाह’ असं लिहा. व्हायव्हात परीक्षक पहिला प्रश्न तिथलाच काढतात.

केस काढायच्या क्रीमनेही त्वचा लाल होते, म्हणून एक-दोन दिवस थांबून मग सुरुवात करा. गुण देणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे कळू देऊ नका. आणि अर्काशिवाय नुसत्या बेसचा गट ठेवाच. उंदीर वाचवायचे म्हणून बहुतेक वेळा आधी हाच गट कापतात. कापायचंच असेल तर जेलच्या तीन मात्रांपैकी मधली कापा.