कर्नल, झेफिर, डेबियन की हायकू: पहिलं योगदान कुठे द्यावं?

ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? नाशिकमधली इंजिनिअरिंगची मुलं हे विचारतात तेव्हा बहुतेकांच्या मनात लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स सिस्टीमचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, आधीच ठरलेला असतो. मी त्यांना आधी दोन गोष्टी बघायला सांगते. कोडमध्ये केलेला बदल तुमच्या लॅपटॉपवर चालताना दिसायला किती वेळ लागतो? आणि पाठवलेला बदल वाचायला पलीकडे कोण आहे? प्रकल्पाचं नाव किती मोठं, हा विचार नंतरचा.

कर्नलची ओढ स्वाभाविक आहे. भाषा मुख्यतः सी, आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टचाही शिरकाव झाला. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. इथे गिटहब या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल सामावून घ्या’ अशी विनंती) टाकून भागत नाही. पॅच, म्हणजे कोडमध्ये काय बदललं त्याचा मजकूर, साध्या मजकुराच्या ईमेलमध्येच लिहून जातो, फाइल जोडून नव्हे. जीमेलच्या खिडकीत पेस्ट केलात तर टॅब बिघडतात, ओळी तुटतात आणि पॅच लागत नाही, म्हणून ‘गिट सेंड-ईमेल’ (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली, पॅच ईमेलने पाठवायची सोय) आधी नीट बसवून घ्या. समजा, ‘स्टेजिंग’मधल्या (अजून सुधारणा हव्या असलेल्या कोडच्या विभागातल्या) एखाद्या ड्रायव्हरमध्ये तुम्ही छोटी दुरुस्ती केली. पॅचची मांडणी तपासणारं चेकपॅच चालवायचं, ईमेल कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्टला विचारायचं आणि पाठवायचं. पलीकडून उत्तर येतं की काय बदललंत ते कळलं, पण का बदललंत ते लिहा. मग पॅचची दुसरी आवृत्ती पाठवताना त्यातल्या तीन आडव्या रेघांच्या (---) खाली आधीपेक्षा काय वेगळं केलं ते नमूद करायचं. तो मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही, पण वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात. उत्तर आलं नाही तर आठवण करण्याआधी किमान एक आठवडा थांबावं, असं त्यांच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय. ही शिस्त मला मनापासून आवडते. ती अंगवळणी पडली की कुठल्याही टीममध्ये कामाला येते. मात्र जुन्या लॅपटॉपवर पूर्ण कर्नल बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालणारा कर्नल तयार करायला, तासन्‌तास जातात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलंत तर तुमच्या मशीनवर त्या वेळी लोड असलेलेच मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग) बिल्ड होतात आणि बराच वेळ वाचतो.

सी येत असेल आणि बोर्ड, सेन्सर, सोल्डरिंगची आवड असेल, तर माझं मत झेफिरला. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी शोधणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना तर हा प्रकल्प मी आवर्जून सुचवते. मायक्रोकंट्रोलरवर चालणारी ही छोटी रिअल-टाइम सिस्टीम २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. सुरुवातीला बोर्डही लागत नाही. ‘हॅलो वर्ल्ड’ नमुना क्यूईएमयूसाठी (लॅपटॉपवरच दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) बिल्ड करा, त्यातली एक ओळ बदला, पुन्हा चालवा. बदल लगेच समोर. योगदान गिटहबवरूनच जातं, आणि स्वयंचलित चाचण्या चुका माणसाच्या आधी दाखवतात. एखाद्या सेन्सरचा ड्रायव्हर किंवा बोर्डाच्या माहितीतली त्रुटी, अशी मोजक्या आकाराची कामं भरपूर मिळतात. अडचण डाउनलोडची आहे, सगळं मिळून काही जीबी होतं. ते घरच्या वायफायवर करा आणि टूलचेन (कोड बिल्ड करायची साधनं) फक्त आर्म प्रोसेसरचा घ्या. डेस्कटॉपवरच्या प्रोसेस आणि व्हर्च्युअल मेमरी शिकण्याची हौस मात्र इथे पुरेशी भागणार नाही.

ती हौस हायकू भागवतो. बीओएस या जुन्या डेस्कटॉप सिस्टीमच्या धर्तीवर २००१ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प मुख्यतः सी++ मध्ये आहे. कर्नलपासून खिडक्या आणि मेनूंपर्यंत सगळं एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) असल्यामुळे बटण दाबल्यावर आत काय काय घडतं ते शेवटपर्यंत वाचता येतं. बदल गेरिट या कोड तपासणीच्या साधनावर तपासले जातात. माणसं थोडी आहेत, पण तपासणारे जाणकार. मुलाखतीत मात्र हायकू म्हणजे काय, हे आधी समजावून सांगावं लागेल.

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या पूर्ण सिस्टीममध्ये पहिल्या दिवशी कोड लिहावाच लागतो असं नाही, आणि मला तो त्याचा मोठेपणा वाटतो. १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेल्या या प्रकल्पात पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार केलेलं सॉफ्टवेअर) सांभाळणं, बग नीट पडताळून कळवणं, भाषांतर करणं ही सगळी मानाची कामं आहेत. नवख्यांसाठी राखलेल्या बगवर तशी खूणही असते. मराठी नीट लिहिता येत असेल, तर ते कौशल्य इथे थेट कामी येतं. नवं पॅकेज आत जायला मात्र आतल्या कुणीतरी ते तपासून अपलोड करावं लागतं, आणि नवी आवृत्ती येण्याआधीच्या फ्रीझच्या काळात मोठे बदल घेत नाहीत. म्हणजे चिकाटी हवी.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. रस्ट शिकायचीच असेल तर त्या भाषेत लिहिलेली रेडॉक्स सिस्टीम बघा. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टीमची हँडबुक इतकी छान आहे की योगदान दिलं नाही तरी वाचावी. विंडोजशी सुसंगत रिॲक्टओएस खुणावत असेल तर एक अट ध्यानात ठेवा: विंडोजचा बाहेर फुटलेला गोपनीय सोर्स कोड पाहिलेल्यांचं योगदान ते घेत नाहीत.

हातात एकच सेमिस्टर असेल तर झेफिर किंवा डेबियन घ्या. वर्षभर रोज थोडा वेळ देता येत असेल तर कर्नल. नक्की करण्यापूर्वी त्या प्रकल्पात बाहेरून नव्याने आलेल्या माणसांचे अलीकडचे चार-पाच बदल उघडा आणि त्यांना पहिलं उत्तर किती दिवसांनी मिळालं ते पाहा. बहुतेकांना महिनाभर कुणी विचारलंच नसेल, तर तो प्रकल्प कितीही आवडला तरी पहिल्या योगदानासाठी दुसरा निवडा.