रत्नागिरीची नवी बोट, औशाचे चौघं आणि सुरमई

गळानं मासे धरायला दिवसभर भाड्यानं घेतलेली ही बोट नवी कोरी आहे, दोन्ही इंजिनं दमदार आहेत, पण पैसे वसूल होतात ते तांडेलामुळं, म्हणजे बोट चालवणाऱ्यामुळं. एवढंच हवं असेल तर पुढं वाचायची गरज नाही.

रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या औशावरूनच जातो. दिवेलागणीला निघालो आणि आंबा घाट उतरून उजाडायच्या आत मिरकरवाडा बंदरावर. आम्ही मांजरा धरणावर मरळीला गळ टाकणारी माणसं. तिथं काठावर दबा धरून बसायचं. ट्रोलिंगचं उलटं असतं: बोट सहा-सात नॉटनं (ताशी अकरा-तेरा किलोमीटर) चालतच राहते आणि मागं कमीजास्त अंतरावर नकली मासे ओढले जातात. सुरमईचे दात वस्तऱ्यासारखे, म्हणून गळाच्या वर वीतभर तार जोडलेली. दोरी कितीही भारी घ्या, तारेवाचून टिकत नाही.

पहिले दोन तास काहीच नाही. आमचे दाजी तर घाटातली उलटी समुद्रात पूर्ण करत होते. (गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही.) मग लांब पाण्यावर पक्षी घिरट्या घालताना दिसले. खाली बारीक मासळी उसळत होती. मी म्हणालो, "काका, घाला की मधे!" तांडेल काका हसले. "बोट मधे घातली तर सगळी मासळी खाली बुडेल, दादा." त्यांनी बोट थव्याच्या कडेकडेनं अशी वळवली, की आमचे गळ मासळीला घासून गेले पण इंजिनं लांबच राहिली. दोन रॉड एकदम वाकले. रीळ असं किंचाळलं की दाजी उठून बसले.

एक कुपा (म्हणजे ट्यूना), एक सुरमई. कुपा खोल जाऊन गोल गोल फिरतो, हात भरून येतात. सुरमईची पहिली धाव मात्र विचारू नका, रिळावरची दोरी संपते की काय असं वाटतं. "सैल सोडू नका, दोरी ताणलेली राहू द्या," एवढंच काका सांगत होते. खलाशानं कुप्याचे कल्ले लगेच कापून रक्त काढलं आणि तो बर्फात घातला. उन्हात तसाच ठेवला तर हा मासा बाधतो, म्हणून हे काम बघून घ्याच.

आता तक्रारी. बर्फाची पेटी एवढी लहान, की सुरमईची शेपटी दिवसभर बाहेर. रॉड अडकवायच्या नळ्या इतक्या जवळ, की वळताना दोऱ्यांचा गुंता झाला आणि भर थव्यात अर्धा तास तो सोडवण्यात गेला. सावली नावाला. नव्या बोटीत हे बसवायला काय जात होतं, मालक जाणे. लाईफ जॅकेट मात्र सगळ्यांना, आणि काढूही देत नाहीत. हे लई आवडलं.

दिवसाचे 24 हजार, चौघांत सहा-सहा. पकडलेला मासा कुणाचा हे आधीच ठरवून घ्या. आम्हाला सुरमई मिळाली, कुपा खलाशांना दिला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा फोन करू नका. आम्ही दिवाळीनंतर गेलो होतो, समुद्र शांत होता.

बुकिंग करताना बोट मागू नका, तांडेल मागा. आणि थर्माकोलचा मोठा खोका औशातूनच घेऊन जा.