विज्ञान प्रदर्शनासाठी तिसऱ्या की कांगारू?

प्राणिवर्गीकरणाचा प्रकल्प म्हटला की मुलं कांगारू धरून बसतात. सातारा-सांगलीकडच्या शाळांनी मात्र आधी तिसऱ्यांचा, म्हणजे खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या दोन शिंपल्यांच्या प्राण्यांचा, विचार करावा, असं आमचं ठाम मत आहे. कांगारूचं फक्त मॉडेल करता येतं, तिसरी जिवंत दाखवता येते. कोकणातली मासळी कुंभार्ली आणि आंबा घाट चढून इकडे येते, त्यामुळे मासळीवाल्याला दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा.

घेताना उघड्या तिसरीला टिचकी मारा. मिटली नाही तर ती मेलेली आहे, बाजूला काढा. साध्या नळाच्या पाण्यात ठेवू नका, मरतील. पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या आणि लिटरला साधारण 30 ग्रॅम खडे मीठ घाला. पसरट ट्रेमध्ये धुतलेली बारीक वाळू पसरून त्यात त्या सोडा. थोड्या वेळाने दोन नळ्या बाहेर येतील. ड्रॉपरने खायच्या रंगाचा एक थेंब जवळ सोडला की एक नळी पाणी आत ओढते, दुसरी बाहेर टाकते, हे डोळ्यांना दिसतं. याच पाण्यातून कल्ले अन्न गाळून घेतात. टेबल हललं तरी नळ्या आत जातात, म्हणून गर्दी लांब ठेवा.

आतली रचना दाखवायची तर शिक्षकांनी बोथट सुरीने शिंपले मिटवणारे दोन्ही स्नायू कापावेत. उकळून उघडणं सोपं, कारण स्नायू सुटले की बिजागरीचा लवचिक पट्टा शिंपले आपोआप ढकलतो, पण कल्ले आक्रसून काही ओळखू येत नाही. डोकं शोधू नका, या प्राण्याला ते नसतंच. रिकाम्या शिंपल्यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. कवच चुन्याचं असल्याची ही खूण.

कांगारू सरस ठरतो तो पिल्लाच्या बाबतीत. तिसरी अंडी पाण्यात सोडून देते, पुढचं त्या अळ्यांनी बघायचं. तांबड्या कांगारूचं पिल्लू साधारण 33 दिवसांत जन्मतं, राजम्याच्या दाण्याएवढं, वजन एक ग्रॅमहून कमी. ते स्वतः केसांना धरून पिशवीत चढतं आणि सडाला चिकटतं. पिशवी कायमची सोडायला सुमारे आठ महिने लागतात. त्याच वेळी मोठं भावंड बाहेरून तोंड घालून दुसऱ्या सडाचं वेगळ्या घटकांचं दूध पितं.

मॉडेलमध्ये हमखास होणाऱ्या चुका दोन. नराला पिशवी लावतात, ती फक्त मादीला असते. आणि वरून खिसा शिवतात. पिशवी ही पोटाच्या कातडीचीच घडी, म्हणून अंगाचंच कापड दुमडा आणि आत चार सड दाखवा.

तिसऱ्या वेळेवर मिळण्याची खात्री नसेल, किंवा प्रदर्शन दोन-तीन दिवस चालणार असेल आणि पाणी बदलायला कोणी नसेल, तर कांगारूच घ्या.